रोज एक जानेवारी

३ मार्च, सोमवार

सकाळी सव्वाआठला मशीनने मान टाकली. म्हणजे रक्त तपासणारं मशीन ठणठणीत आहे, पण त्याला हुकूम सोडणारा जो जुनाट कॉम्प्युटर आहे तो गेला. बटण दाबलं की तीन शिट्ट्या मारतो आणि काळा पडदा दाखवतो. नळ्या रांगेत उभ्या, उपाशीपोटी आलेली माणसं बाकावर, आणि मी पडद्यासमोर हात बांधून.

कंपनीच्या माणसाला फोन लावला. "मॅडम, हे मॉडेल अजून चालू आहे?" त्याच्या आवाजात आदर होता. लोक एकमेकांच्या पणजोबांची चौकशी करतात तसा. सुटे भाग मिळत नाहीत, नव्या कॉम्प्युटरवर जुनं सॉफ्टवेअर चढत नाही. थोडक्यात, अख्खं मशीन नवं घ्या.

लॅब डॉक्टरांची आहे. सह्या त्यांच्या, बाकी सगळं माझं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "शनिवारपर्यंत बघू. नाही झालं तर जागा खालच्या चष्मेवाल्याला देऊन टाकतो. मलाही आता जिने झेपत नाहीत."

चष्मेवाला दोन वर्षं ह्या जागेवर टपून आहे. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि एकवीस वर्षं ह्याच खोलीत माणसांच्या दंडाला पट्टा बांधते आहे. मोठ्या लॅबवाल्यांना पंचविशीतल्या पोरी लागतात.

५ मार्च, बुधवार

चालू झाला!

काल दुपारी दार लावून घेतलं आणि पेटी उघडली. आत इतकी धूळ होती की एखादं लहान जनावर लपलं असतं. इंटरनेटवर जगभरचे रिकामटेकडे लोक काय काय सांगतात: भट्टीत भाजा, फ्रीजमध्ये ठेवा, पिशवीत गुंडाळून थोपटा. भाजणं आणि थोपटणं मला परवडणारं नव्हतं. मी मेमरीच्या पट्ट्या उपसून त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या. पंखा कण्हत होता, त्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला. कोपऱ्यातल्या एका चिपेला केस वाळवायच्या ड्रायरने शेक दिला, का ते मलाही सांगता येणार नाही. घरी कोणाची मान आखडली की मी हेच करते.

बटण दाबलं. एकच शिट्टी. पडदा निळा झाला. काउंटरवरचे काका, ज्यांना अख्खी गल्ली लाउडस्पीकर म्हणते, ते ओरडले, "उठला! उठला!" बाकावरची एक बाई घाबरून पाय वर घेऊन बसली.

इथपर्यंत सगळं खरं आहे. पुढचं फक्त ह्या वहीला सांगते.

आत नाण्याएवढा एक सेल असतो. कॉम्प्युटर बंद असला तरी त्याला तारीख-वेळ लक्षात राहावी म्हणून. तो जरा पुसावा म्हणून मी केसांच्या पिनेने उचकटायला गेले आणि सेल धरणारी पत्र्याची जीभ कट्‌कन तुटली. माझ्या हाताने. न उचकटते तर काही बिघडलं नव्हतं.

कोणालाही बोलले नाही. सेल जागेवर ठेवला, वर चॉकलेटची चांदी घडी करून दाबली आणि सगळ्याला कपड्यांचा लाकडी चिमटा लावला. झाकण बसवलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही इंजिनीअर व्हायला हवं होतं." मी हसले.

८ मार्च, शनिवार

वन्संचं रक्त घेतलं. ह्यांची मोठी बहीण. एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त, लग्न केलं नाही, चार वर्षांपासून आमच्याकडे. त्यांच्या किडन्या निम्म्याच कामाच्या उरल्यात, म्हणून दर पंधरा दिवसांनी मी त्यांचं क्रिएटिनिन बघते. किडनी थकली की रक्तात हा आकडा चढतो. आज दोन पूर्णांक एक. मागच्या खेपेइतकाच.

"इंजिनीअरीणबाई," डॉक्टरांचं कौतुक ह्यांच्याकडून त्यांच्या कानी गेलेलं, "रक्त काढताय की विहीर खणताय?"

"वन्सं, हात सैल सोडा."

"एकतीस वर्षं फळ्यावर लिहिणारा हात आहे हा. सैल सोडायची सवय नाही त्याला."

मग आकडा घेऊन आपल्या खोलीत गेल्या. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी आलेखाचा कागद डकवलाय. इतरांच्या कपाटात फोटो असतात, ह्यांच्या कपाटात आलेख.

१४ मार्च, शुक्रवार

चिमट्याने दगा दिला. डॉक्टरांचा जुना हुकूम आहे की संध्याकाळी जाताना मुख्य स्विच बंद करायचा. खाली चष्म्याच्या दुकानात एकदा जाळ झाला होता, तेव्हापासूनचा. सकाळी स्विच लावला तर कॉम्प्युटर म्हणतो, तारीख चुकीची आहे, पुढे जाऊ का? बघते तर सोळा वर्षांपूर्वीची एक जानेवारी. कारखान्यातून निघाला तेव्हाची असणार. झाकण उघडलं, चांदी सरकली होती. परत दाबली. बसते, सरकते.

सध्या रोज सकाळी हाताने तारीख घालते. कोणी बघत नाही ना, हे आधी बघते. स्वतःच्या लॅबमध्ये चोरासारखी.

१७ मार्च, सोमवार

गर्दीत आज तारीख घालायची राहिली. दहा वाजता लक्षात आलं. मग शांतपणे विचार केला. रिपोर्टवर तारीख छापली जाते ती काउंटरवरच्या कॉम्प्युटरमधून, ती बरोबर आहे. नळ्यांचे नंबर आमच्या रजिस्टरातून येतात. मग आतल्या ह्या खोक्याला आज कोणता दिवस आहे हे कळून करायचंय काय? त्याला कुठे लग्नाला जायचंय?

सकाळी मशीनने नेहमीप्रमाणे कंट्रोल मागितलं होतं, ते दिलं, पास झालं. कंट्रोल म्हणजे ज्याचे आकडे आधीच माहीत आहेत असं तयार रक्तद्रव. मशीन रोज एकदा त्यावर परीक्षा देतं आणि मगच माणसांची नळी घेतं. आमच्या लॅबचा एकवीस वर्षांचा नियम साधा आहे: मशीन मागेल ते द्यायचं.

तारखेचा नाद सोडला. चिमटा काढून कपाटात टाकला. एक भीती कमी झाली.

१९ मार्च, बुधवार

एक गंमत. काल आणि आज मशीनने कंट्रोल मागितलंच नाही. सरळ म्हणालं, तयार. वीस मिनिटं वाचली. किडनीच्या रसायनाची बाटली उघडून चौदा दिवस होत आले की पिवळा त्रिकोण यायचा, तोही ह्या वेळी आलेला नाही. साफसफाईने त्याचं डोकं थंड झालं म्हणायचं.

काका म्हणाले, "बाई, मशीन सुधारलं हो! किती कटकट करायचं!"

मी म्हटलं, "हळू बोला, त्याला ऐकू जाईल." विनोद म्हणून म्हटलं. पण खरं सांगायचं तर मला विचारायचीच भीती वाटते. चालतंय ना, मग माउसलाही जोरात हात लावू नये. शिंक आली तरी मी बाहेर जाते.

२२ मार्च, शनिवार

वन्सं एक पूर्णांक आठ! मी स्वयंपाकातलं मीठ जवळजवळ काढलं त्याला फळ आलं. जेवताना हे सांगितलं, तर वन्सं म्हणाल्या, "तुझ्या मिठाचा काय संबंध? मी सकाळी चालते म्हणून."

ह्यांनी दोघींकडे बघितलं आणि आळणी भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली. पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस आहे. कुठलाही दाब कसा सोडायचा त्यांना बरोबर समजतं.

२९ मार्च, शनिवार

मागच्या गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांचा फोन आला. ते आमच्याकडेच पेशंट पाठवतात.

"काय हो, तुमच्याकडे पाणी वेगळं आहे का? हल्ली माझ्या सगळ्या पेशंटच्या किडन्या एकदम तरुण झाल्यात."

"चांगलंच आहे की डॉक्टर."

"चांगलं तर आहेच. तो ट्रकवाला, साठीचा, त्याचं पॉइंट पाच? एवढं कमी तर माझ्या नातीचंही नसेल."

"पुन्हा लावून बघते."

पुन्हा लावलं. पॉइंट पाच. तसं कळवलं. ते म्हणाले, "असेल बुवा." आकडा दोनदा सारखाच आला म्हणजे बरोबरच असणार. असणारच. पण पायातली चप्पल सुटल्यासारखं वाटत राहिलं.

५ एप्रिल, शनिवार

वन्सं एक पूर्णांक चार. त्यांनी बिंदू टाकला, पट्टीने रेष जोडली आणि बराच वेळ कपाटासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं खूश झाल्या.

७ एप्रिल, सोमवार

वन्संना किडनीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. रिपोर्ट बघून त्यांनी माझ्याशी चक्क हात मिळवला. म्हणाले, "इतकं सुधारलंय तर रक्तदाबाची ती जुनी गोळी पुन्हा सुरू करू. किडन्या अशक्त असताना ती रक्तातलं पोटॅशियम चढवते म्हणून बंद केली होती. आता हरकत नाही."

रिक्षात वन्संनी रिपोर्टची घडी करून पिशवीत टाकला. मी म्हटलं, "आनंद झाला नाही तुम्हाला?"

"तोंडाला चव नाही गं. काही खाल्लं की पत्रा चघळल्यासारखं लागतं."

"मीठ कमी आहे म्हणून."

"असेल."

१३ एप्रिल, रविवार

वन्सं सकाळी चालायला गेल्या नाहीत. पावलं सुजलीत. अंगाला खाज येते म्हणतात, दुपारी जेवण ओकून टाकलं. ह्यांनी विचारलं, "डॉक्टरांना फोन करू या का?" मी म्हटलं, "रिपोर्ट एवढा छान असताना काय सांगणार? वय झालंय. आणि जरा लाड करून घ्यायची सवयही आहे." हे मी पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. ते इथे लिहून ठेवते.

१९ एप्रिल, शनिवार

पुन्हा एक पूर्णांक चार. त्यांना बसता येईना म्हणून पलंगावरच रक्त घेतलं. नेहमीचा टोमणा आला नाही. सुई आत जाताना हातही ओढला नाही. एकतीस वर्षं फळ्यावर लिहिणारा हात माझ्या हातात ओल्या टॉवेलसारखा पडून होता.

मला भीती वाटते आहे आणि कशाची ते कळत नाही. आकडा चांगला आहे. आकडा चांगला आहे.

२० एप्रिल, रविवार

दुपारी वन्संजवळ बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तुमचंच नाही, आमच्या लॅबमध्ये हल्ली सगळ्यांचेच रिपोर्ट चांगले येतायत. ते फॅमिली डॉक्टर थट्टा करत होते."

त्यांनी डोळे उघडले. "सगळ्यांचे?"

"जवळजवळ."

"पंचावन्न मुलांच्या वर्गात सगळ्यांना पैकीच्या पैकी पडले, तर मी मुलांना पेढे वाटत नव्हते, इंजिनीअरीणबाई." मध्ये थांबून त्यांनी श्वास घेतला. "पेपर कुठून फुटला ते शोधत होते. जा, शोध."

उद्या सकाळी सातलाच जाणार आहे.

२१ एप्रिल, सोमवार

क्रमाने लिहिते. क्रमाने लिहिलं नाही तर लिहिताच येणार नाही.

सात वाजता स्विच लावला. तारीख चुकीची आहे, पुढे जाऊ का? रोजच्यासारखं बटण दाबलं. मशीन म्हणालं, तयार. मी म्हटलं, थांब, आज मीच तुझी परीक्षा घेते. फ्रीजमधून कंट्रोलची कुपी काढली, पडद्यावर कंट्रोलचं पान उघडलं.

त्यावर लिहिलं होतं: आजचं कंट्रोल झालेलं आहे. निकाल पास. पुन्हा करायचं का?

मी तर आत्ताच दार उघडलं होतं. अंगावर भिंतीवरची पाल पडावी तशी मी मागे सरकले. मग तारीख वाचली. एक जानेवारी. पान मागे नेलं. एक जानेवारी, कंट्रोल पास. एवढी एकच ओळ. ती सतरा मार्चच्या सकाळची, मी तारखेचा नाद सोडला त्या दिवशीची.

त्यानंतर रोज सकाळी त्याच्या दृष्टीने एक जानेवारीच उजाडत होती, आणि एक जानेवारीचं कंट्रोल तर झालेलं आहे. कशाला मागेल? रसायनाची बाटली चौदा दिवसांनी बदलायची, पण त्याचे चौदा दिवस कधी होणारच नव्हते. बाटलीवर छापलेलं वर्ष बघता ती बाटली त्याच्या हिशेबी अजून जन्मलीच नव्हती. ती कशी शिळी होईल?

बाटली काढून बघितली. माझ्याच अक्षरात चिठ्ठी: उघडली ५ मार्च. चौदा दिवसांची बाटली, आज सत्तेचाळिसावा दिवस. रंग उतरला होता. रोज मी तिच्यातून रसायन जाताना बघत होते.

कंट्रोल लावलं. यायला हवं होतं एक पूर्णांक शून्य. आलं शून्य पूर्णांक तीन.

मशीन सुधारलं नव्हतं. त्याला कोणी काही विचारत नव्हतं, आणि ते कोणाला काही विचारत नव्हतं.

शेल्फवरची नवी सीलबंद बाटली उघडली, खरी तारीख घातली, सगळं नव्याने जुळवलं. कंट्रोल बरोबर आलं. शनिवारची वन्संची नळी फ्रीजमध्ये होती. ती लावली. यंत्राची सुई खाली गेली, वर आली. दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत मी काय काय कबूल केलं, कोणाकोणाला, ते लिहीत नाही.

चार पूर्णांक सहा.

ह्यांना फोन केला. "वन्संना हॉस्पिटलमध्ये घेऊन निघा. आत्ता. मी तिथेच येते." "काय झालं?" "माझ्यामुळे झालं. निघा."

२२ एप्रिल, मंगळवार

अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या लोखंडी बाकावर बसून लिहिते. काल दुपारी त्यांच्या मानेत नळी घातली आणि रक्त मशीनमधून फिरवलं. रक्तातलं पोटॅशियम इतकं चढलं होतं की हृदय कधीही थांबलं असतं. किडनीचे डॉक्टर बाहेर आले. त्यांना मी सगळं सांगितलं. चांदी, चिमटा, एक जानेवारी. त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "गोळी मी सुरू केली. तुमच्या आकड्यावर." एवढंच. ह्याच्यापेक्षा त्यांनी मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

किडन्या परत होत्या तिथपर्यंत येतील का? "बघू," म्हणाले. काचेतून वन्सं दिसतात. मशीनवर एक दिवा लुकलुकतो. प्रत्येक वेळी तो विझला की मी मोजते, पेटेपर्यंत.

२४ एप्रिल, गुरुवार

आज आत सोडलं. चेहऱ्यावरची सूज उतरली आहे. मी पलंगाशी उभी राहून सगळं सांगितलं. पिनेपासून. त्या लाड करून घेतात असं म्हणाले होते, तेही.

त्या म्हणाल्या, "ते ऐकलं होतं मी."

मी रडायला लागले.

"रडू नकोस, नर्स बाहेर काढेल. पेपर कुठून फुटला?"

"माझ्याकडून."

"बाकीची मुलं किती?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. "दोनशे शहाऐंशी," मी म्हटलं. किडनीची तपासणी केलेले, सतरा मार्चपासून. रजिस्टर काल मोजलं होतं.

"सांगितलंस त्यांना?"

मी हो म्हटलं. खोटं बोलले. नळी लावलेल्या माणसाशी.

२५ एप्रिल, शुक्रवार

लॅबच्या डॉक्टरांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला, तो कोणीच प्यायलं नाही. डॉक्टरांचा चेहरा राखेसारखा झाला. "सगळ्यांवर सह्या माझ्या आहेत," एवढंच तीनदा म्हणाले. मग म्हणाले, "आता बाटली नवी आहे ना? तारीख बरोबर आहे ना? झालं तर. जे आजारी असतील ते पुन्हा येतीलच तपासायला. आपण होऊन घरोघर फोन केले तर पोलीस येतील, लॅब बंद होईल. तुमचाही परवाना जाईल. विचार करा."

घरी ह्यांनीही तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. "ताई वाचली. आता गप्प बसलेलं बरं. तुला काही झालं तर आम्ही दोघं काय करायचं?" ह्यांना मी कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं.

दोघांचं पटत होतं, हीच भीती. पटवून घ्यायची मला सवय झाली आहे. कॉम्प्युटरला तारीख कशाला हवी, हेही मी स्वतःला पाच मिनिटांत पटवून दिलं होतं.

संध्याकाळी पेटी काखेत मारून कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने झाकण उघडलं, तुटलेली जीभ बघितली आणि सेलला दोन तारा डाख देऊन जोडल्या. चहा उकळायला लागतो तेवढा वेळ. "एवढंच होतं? तेव्हाच का नाही आणलंत?" म्हणाला. मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसले. तेव्हा आणलं असतं तर जीभ मी तोडली हे एका माणसाला कळलं असतं. एका माणसाला.

२६ एप्रिल, शनिवार

सकाळी काकांना सगळं सांगितलं आणि रजिस्टर मागितलं. त्यांनी ते छातीशी धरलं. "डॉक्टरांना विचारलंत?"

"विचारलं. नको म्हणाले."

"मग?"

"मग मी करते. तुम्ही नुसते नंबर वाचा. आणि काका, हळू."

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात काही वाचलं असेल. वाचताना बोट पानावरून ओळीओळीने सरकत होतं.

मी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं: मी अमुक लॅबची तंत्रज्ञ, तुमचा किडनीचा रिपोर्ट माझ्या चुकीमुळे खोटा आला आहे, आजच पुन्हा रक्त द्या, आणि त्या रिपोर्टवर कोणी गोळी बदलली असेल तर त्या डॉक्टरांना लगेच फोन करा. "माझ्या चुकीमुळे" हे दोन शब्द तोंडातून जाईनात. पहिल्या फोनला मी "तांत्रिक कारणामुळे" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर काकांनी माझा कागद माझ्यापुढे सरकवला. दुसऱ्यापासून नीट म्हटलं.

एक जण म्हणाला, तुमच्यावर केस ठोकतो. म्हटलं ठोका, पण आधी रक्त द्या. एक बाई म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे पुन्हा सुई?" ट्रकवाल्याचा फोन लांबच्या रस्त्यावर लागला, मागे हॉर्न वाजत होते. "पॉइंट पाच खोटं होतं? मी तर सगळ्यांना सांगत सुटलो होतो ना बाई!" तिसरा नंबर बंद. अकरावा चुकीचा. प्रत्येक वेळी तिकडून उचलेपर्यंत मी घंट्या मोजते. ज्याने उचललं तो जिवंत आहे, एवढंच त्या क्षणी मला कळतं.

बत्तिसावा फोन एका मुलीने उचलला. विशीतली असावी. मी सांगितलं, तुमच्या वडिलांशी बोलायचंय, लॅबमधून.

"बाबा झोपलेत," ती म्हणाली. आवाज दबका, घरात कोणी आजारी असलं की लोक बोलतात तसा. "तीन-चार दिवस झोपूनच असतात. जेवतही नाहीत फारसे. पण तुमचा रिपोर्ट अगदी छान आला ना, म्हणून आम्ही त्यांना उठवत नाही. थोडा आराम होऊ दे म्हटलं."

काकांनी बोट पानावरून उचललं.

मी म्हटलं, "उठवा."